'ध'चा 'मा' आणि वाचकाचा निवाडा

मराठी घरांतील कपाटात ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा यांची जागा नेहमीच वेगळी राहिली. पहिली दर्शनी खणात, काचेआड, वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेली, दुसरी उशीखाली. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ मध्ये अवतरली तेव्हापासून ऐतिहासिक कादंबरीला घरातील वडीलधाऱ्याचा मान मिळत आला. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला आणि काळ्या पहाडाला घरोघरी वाचक मिळाले, पण तो मान कधी मिळाला नाही. वडील माणूस खोलीत आले की अर्नाळकर चादरीखाली जात आणि हरिभाऊ आपटे वर येत. त्यामुळे या दोन्ही जातींचा संकर असलेली एखादी कादंबरी, म्हणजे इतिहासातील गुन्ह्याचा अथवा गूढाचा तपास रहस्यकथेच्या रीतीने करणारी कादंबरी, पुढे आली की आपला वाचक गोंधळतो. तिला नमस्कार करावा की तिच्याबरोबर रात्र जागवावी, हे त्याला ठरविता येत नाही.

हा गोंधळ आम्ही दोनदा जवळून पाहिला. पहिल्यांदा तो डॉ. प्रकाश कोयाडे यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रतिपश्चंद्र' या कादंबरीच्या निमित्ताने. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेतील पहिल्या शब्दाची आठवण करून देणारे नाव आणि रहस्याचा माग काढणारे कथानक. आमच्या मंडळातील तरुण मंडळींनी ती दोन बैठकांत संपविली. उधना-जळगाव मार्गावरच्या प्रवासात तर नंदुरबार कधी आले ते कळले नाही, असे एकाने सांगितले. ज्येष्ठांपैकी काहींच्या कपाळाला मात्र नाव वाचूनच आठ्या पडल्या. मुद्रेचा शब्द रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर यावा हेच त्यांना रुचले नाही. तो वाद मुख्यतः मर्यादेचा होता आणि तो लवकर मिटला. दुसरा वाद मात्र मिटला नाही. तो न्यायाचा होता आणि त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

मंडळाच्या पावसाळ्यातील एका बैठकीत इंग्रजीच्या एका निवृत्त शिक्षिकेने एका जुन्या इंग्रजी कादंबरीचे कथानक तासभर सांगितले. जोसेफिन टे हे एलिझाबेथ मॅकिंटॉश या स्कॉटिश लेखिकेचे टोपणनाव. तिची 'द डॉटर ऑफ टाइम' ही कादंबरी १९५१ साली आली आणि पुढच्याच वर्षी लेखिका वारली. ॲलन ग्रँट नावाचा पोलीस अधिकारी पाय मोडून इस्पितळात पडला आहे. वेळ जावा म्हणून कोणी त्याला जुन्या व्यक्तिचित्रांच्या प्रती आणून देते. त्यांत इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे चित्र असते. या रिचर्डने १४८३ मध्ये आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांना लंडनच्या किल्ल्यात मारविले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून शेक्सपिअरच्या नाटकापर्यंत सर्वत्र पक्की धरलेली. ग्रँटला तो चेहरा खुन्याचा वाटत नाही. मग एका तरुण संशोधकाला ग्रंथालयात पाठवून, खाटेवर पडल्यापडल्या, तो साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा तपास सुरू करतो.

तपासात त्याला आढळते की रिचर्डच्या दुष्टपणाची सारी इमारत सर थॉमस मोर या विद्वानाच्या वृत्तान्तावर उभी आहे, आणि हा मोर घटनेच्या वेळी पाच वर्षांचा होता. म्हणजे त्याने लिहिले ते ऐकीव. शिवाय मोर वाढला तो रिचर्डला रणात मारून गादी घेणाऱ्या घराण्याच्या आश्रयाने. पोलिसाच्या दृष्टीने असा साक्षीदार कवडीमोलाचा. अखेरीस ग्रँट रिचर्डला निर्दोष ठरवितो आणि खुनाचा आरोप त्याच्यानंतर गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीवर ठेवतो.

काका आणि पुतणे म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारणारच. कथानक संपते न संपते तोच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मग आपल्या आनंदीबाईचे काय? तिच्यावर अशी कादंबरी कोणी लिहिली नाही का?" आणि सभा दुभंगली.

पुढे जाण्यापूर्वी त्या इंग्रजी कादंबरीच्या नशिबाविषयी थोडे सांगावयास हवे. ब्रिटनमधील रहस्यकथाकारांच्या संघटनेने १९९० मध्ये सर्वकाळच्या उत्तम शंभर रहस्यकादंबऱ्यांची यादी केली, तिच्यात हिला पहिले स्थान मिळाले. अनेक वाचकांनी ती वाचून रिचर्डविषयीचे मत कायमचे बदलले. इतिहासाच्या अभ्यासकांची तक्रार मात्र तेव्हापासून आजतागायत एकच आहे. मांचिनी नावाचा एक इटालियन १४८३ च्या त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता. त्याने त्याच वर्षाअखेर लिहिलेला वृत्तान्त १९३६ मध्ये छापून आला होता. राजपुत्र दिसेनासे झाले आणि लोक त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आणू लागले, असे तो समकालीन साक्षीदार लिहितो. कादंबरीतील चाणाक्ष पोलीस या साक्षीदाराला बोलावतच नाही. ज्याने रिचर्डच्या बाजूला बाध येईल तो कागद तपासात आलाच नाही. हा तपास नव्हे; ही वकिली, तपासाचा गणवेश घातलेली. २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा खरोखरच वाकडा निघाला, पण नाटकात दाखवितात तसा वाळलेला हात नव्हता. बदनामी करणारे आणि बचाव करणारे दोघेही अर्धे खरे ठरले. पुतण्यांविषयी मात्र त्या हाडांनी काही सांगितले नाही.

आता आपल्या घरच्या गुन्ह्याकडे वळू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी, पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. वय अवघे अठरा. थोरले बंधू माधवराव थेऊर येथे वारल्याला वर्षही झाले नव्हते. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरगसिंग हे गारद्यांचे म्होरके, आणि त्यांच्यासोबत तुळाजी पवार हा खिदमतगार. "काका, मला वाचवा" ही हाक मराठी मुलाला वर्णमालेच्या बरोबरीने शिकविली जाते. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. येथवर फारसा वाद नाही.

वाद आहे तो एका अक्षराचा. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत नारायणरावांना 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईने त्याचे 'मारावे' केले, अशी परंपरा. ग्रँट डफ याने ही हकीगत आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविली. ते पुस्तक १८२६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी प्रसिद्ध झाले. आनंदीबाईविषयी तो जे लिहितो ते सर्वत्र असा समज आहे, या आधारावर. मूळ चिठ्ठी अभ्यासकांच्या हाती आलेली नाही. नंतर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये रंगभूमीवर आले, त्यातील नानासाहेब फाटकांचे राघोबा आणि दुर्गा खोटे यांची आनंदीबाई पुढच्या पिढीने डोळ्यांत साठविली. १९४४ मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' आला. तोवर समजाचे ज्ञान झाले होते आणि ज्ञानाचा वाक्प्रचार. 'ध'चा 'मा' करणे हा शब्दप्रयोग शब्दकोशात जाऊन बसला, तेव्हा आनंदीबाईच्या अपिलाची मुदत संपली.

आमचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले. खातेनिहाय चौकशीचे काम अनेकदा अंगावर आले. ती दृष्टी एकदा डोळ्यांत बसली की मग इतिहास वाचतानाही जात नाही. या प्रकरणाची फाईल आमच्या टेबलावर आली असती, तर पहिला शेरा आम्ही हा मारला असता की खाडाखोड असलेला आणि खाडाखोडीवर सही नसलेला कागद पुराव्यात ग्राह्य धरता येत नाही. 'ध'चा 'मा' करावयाचा म्हणजे अक्षर फिरवून पुढे काना जोडावा लागणार. तो कोणी जोडला हे कागद सांगत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हातून ती गारद्याच्या हाती पडेपर्यंत मध्ये किती हात होते, तेही कागद सांगत नाही. गारद्याकडे पोहोचल्यानंतर तर ती त्याच्याच ताब्यात होती आणि 'मारावे' असा हुकूम हाती असणे ही त्याच्या जिवाचीच गरज होती.

पण याहून महत्त्वाचा मुद्दा दुसरा आहे आणि तो, आमच्या मते, एखाद्या चांगल्या रहस्यकथाकारानेच सर्वप्रथम हेरला असता. 'आम्ही धरण्यास सांगितले होते, मारण्यास नव्हे' हा बचाव कोणाचा? रघुनाथरावांचा. रामशास्त्र्यांपुढे त्यांनी केलेला खुलासा म्हणून तोच सांगितला जातो. हा खुलासा खरा मानला की लगेच एक जागा रिकामी होते. 'धरावे' लिहिले असताना 'मारावे' झाले कसे? ती रिकामी जागा भरावयास कोणी तरी हवे. वाड्यात, जवळ, महत्त्वाकांक्षी म्हणून नावाजलेली, आणि बोलण्यास फारसा वाव नसलेली. म्हणजे आनंदीबाईला दोषी ठरविणारी जी कथा आपण अडीचशे वर्षे सांगत आलो, ती मुळात तिच्या नवऱ्याचा बचावनामा आहे. मुख्य आरोपीच्या निवेदनावरून दुसऱ्यावर दोष सिद्ध करावयाचा नसतो, हे पहिल्या वर्षाच्या लिपिकालाही ठाऊक असते. त्या लोकप्रिय कथेत आनंदीबाईची जबानी तर कुठेच नाही.

रघुनाथरावांच्या विरुद्ध जे आहे ते त्या अक्षरावर अवलंबून नाही. खुनानंतर गारद्यांना पकडून शिक्षा देणे पेशवेपदावर बसलेल्या माणसाचे पहिले कर्तव्य होते. ते त्यांनी केले नाही, उलट त्यांना पैसा पोचता केला. मारेकऱ्यांपैकी काहींना पुढे देहान्त शासन झाले ते बारभाईंच्या कारभारात.

आणि येथे आपले सुरत शहर या कथेत येते. बारभाईंच्या फौजांपुढे टिकाव न लागल्याने रघुनाथराव गुजरातेत उतरले, १७७५ च्या फेब्रुवारीत मही नदीच्या परिसरात पराभूत झाले आणि समुद्रमार्गे सुरतेस इंग्रजांच्या आश्रयाला आले. मार्च १७७५ मध्ये झालेल्या तहास इतिहास सुरतेचा तह म्हणूनच ओळखतो. साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यावयाची, सुरत व भडोच या मुलखांच्या वसुलातील काही भाग द्यावयाचा, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवावयाचे आणि बदल्यात अडीच हजार फौज मिळवून पेशवाई परत घ्यावयाची. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये प्राण पणाला लावून घेतलेली वसई कागदावर अशी गेली. या तहातून सुरू झालेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. त्या तहातील एकही अक्षर कोणी मागाहून फिरविल्याचा प्रवाद नाही. आनंदीबाई तेव्हा धारेच्या किल्ल्यात होती. त्याच वर्षी जानेवारीत तेथे तिने पुढे दुसरे बाजीराव झालेल्या मुलाला जन्म दिला होता. तापीकाठच्या वाड्यांत आणि वखारींत जे ठरले त्याला बायकोचे नाव पुढे करता येत नाही. सुरतेत बसून हा इतिहास वाचणाऱ्यास हे अधिक जाणवावे, यात नवल नाही. रघुनाथराव सुरतेच्या तहात पूर्ण दिसतात, शनिवारवाड्याच्या कथेत अर्धे दिसतात, कारण उरलेले अर्धे तिथे आनंदीबाईच्या पदराखाली दडविलेले आहे.

हे सर्व बैठकीत मांडल्यावर प्रतिक्रिया ज्या आल्या त्या एकमेकींशी जुळणाऱ्या नव्हत्या. एक सद्गृहस्थ, ज्यांच्या वडिलांनी धुळे जिल्ह्यातून येऊन येथील गिरणीत आयुष्य काढले, शांतपणे म्हणाले, "ठीक आहे, बाईला सोडून द्या. मग खुनी कोण? शेवटच्या पानावर खुनी नसेल तर मी ते पुस्तक दीडशे रुपये देऊन का घेऊ?" त्यांच्या या बोलण्यावर हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रहस्यकथेचा वाचकाशी करार असतो. शेवटी पडदा उचलला गेला पाहिजे. इतिहासाने तसा करार कोणाशी केलेला नाही. जो लेखक दोन्ही करार एकाच लेखणीने पाळू पाहतो त्याला कोठे तरी एक मोडावा लागतो, आणि बहुधा मोडला जातो तो इतिहासाचा, कारण त्याच्या बाजूने पैसे परत मागण्यास कोणी दुकानात येत नाही. जोसेफिन टे यांनी तेच केले. रिचर्डला सोडविल्यावर त्यांना दुसरा मारेकरी लागला आणि त्यांनी सातव्या हेन्रीला धरले. त्याच्याविरुद्धचा पुरावा रिचर्डविरुद्धच्या पुराव्याहून सरस नव्हता. आनंदीबाईवर उद्या कोणी अशी कादंबरी लिहिली, तर सखारामबापू किंवा आणखी कोणी तरी तिच्या जागी उभा केला जाईल आणि एका मृताची सुटका दुसऱ्या मृताला कोठडीत घालून साधली जाईल.

दुसरा आक्षेप एका वृद्ध बाईंचा. त्या सहसा बोलत नाहीत. त्यांच्या माहेरच्या गावात तोंडाळ सुनेला आनंदीबाई म्हणण्याची रीत होती आणि लग्नानंतर पहिल्या वर्षी ते नाव त्यांनाही मिळाले होते. त्यांचे म्हणणे असे की पुरावा-बिरावा तुमचे तुम्ही पाहा, पण हे नाव शिवी म्हणून वापरणे तरी थांबले पाहिजे, आणि ते एखाद्या प्रबंधाने थांबणार नाही, गोष्टीनेच थांबेल. नाटकाने दिलेला कलंक नाटकाच्याच तोडीच्या वस्तूने धुवावा लागतो. आम्हांस या म्हणण्यापुढे उत्तर सुचले नाही.

आणि या बाजूने मराठी कादंबरीची परंपराही उभी आहे, हे कबूल केले पाहिजे. ना. सं. इनामदारांनी 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळ्यांना आणि 'मंत्रावेगळा'मध्ये दुसऱ्या बाजीरावांना जवळ घेतले, ती माणसे इतिहासाच्या पुस्तकात उपेक्षेची किंवा उपहासाची धनी झालेली होती. विश्वास पाटलांच्या १९८८ मधील 'पानिपत'ने सदाशिवराव भाऊंकडे पाहण्याची सामान्य वाचकाची दृष्टी बदलली. बदनामांची बाजू घेणे हे आपल्या ऐतिहासिक कादंबरीने आपले कामच मानले. पण या कादंबऱ्यांनी आम्ही तपास करीत आहोत असा आव आणला नाही. त्यांनी उघडपणे माया केली. वाचकाला ठाऊक असते की येथे एक जण दुसऱ्याची बाजू मांडतो आहे. रहस्यकथेचे तसे नाही. तेथे भिंग, पुरावा, साक्ष, वेळापत्रक असते आणि त्या सामग्रीमुळे निष्कर्षाला विज्ञानाची प्रतिष्ठा चढते. मायेने सांगितलेल्या गोष्टीवर वाचक थोडा संशय राखून ठेवतो; तपास करून सांगितलेल्या गोष्टीवर तो सही करून देतो. आमच्या मते नैतिक धोका आहे तो येथे. रणजित देसाईंच्या 'स्वामी'तील रमाबाईंचे सहगमन वाचून डोळे पुसणारा वाचक कोणावर आरोप ठेवीत नव्हता. तपासाची कादंबरी वाचून उठणारा वाचक कोणाला तरी दोषी ठरवूनच उठतो.

बैठकीत एका वकील सदस्याने कायदा काढला. मृत व्यक्तीची बदनामी हाही गुन्हा होऊ शकतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणात ते होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. परंतु त्यासाठी मृताच्या कुटुंबीयांच्या अथवा निकटच्या आप्तांच्या भावना दुखविण्याचा हेतू असावा लागतो. अडीचशे वर्षांनंतर निकटचे आप्त कोठून आणावयाचे? कायद्याने हात टेकले की मृताची अब्रू लेखकाच्या आणि वाचकाच्या स्वाधीन होते. लेखकाने प्रस्तावनेत 'ही ऐतिहासिक कृती नव्हे' असे लिहून जबाबदारी झटकता येते काय? विजय तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल'विषयी तसे स्पष्ट लिहिले होते. १९७२ च्या डिसेंबरात ते नाटक रंगभूमीवर आले, नाना फडणविसांच्या चित्रणावरून वादळ उठले आणि थोड्याच प्रयोगांनंतर ते बंद पडले. पुढे नव्या संस्थेने ते पुन्हा उभे केले आणि जगभर गाजविले. आम्ही ते नाटक थोर मानतो. तरी त्या प्रस्तावनेने कोणा प्रेक्षकाच्या मनातील नाना पुसले गेले नाहीत, हेही खरे. नाव खरे वापरले की त्याच्याबरोबर माणूस येतोच.

बैठकीत कोणी उच्चारला नाही, पण सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला जो पुरता ठाऊक आहे असा एक मुद्दा येथे मांडतो. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०, या दोन तारखा आपल्या मुलांना दोन भाषांत दोन तऱ्हेने शिकाव्या लागतात. घरी त्या स्वराज्याच्या खजिन्याच्या गोष्टी असतात. शेजारी त्या वीरजी व्होराच्या लुटलेल्या हवेलीच्या गोष्टी असतात. इंग्रज वखारीच्या पाद्र्याने त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात बंदिवानांचे हात तोडल्याचे वर्णन आहे. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने त्याच स्वारीत कापुचिन पाद्र्यांच्या मठाला धक्का लागला नाही, असे नोंदविले आहे. दोन्ही कागद परक्यांचेच. नवागाम-डिंडोलीच्या शाळांतून शिकलेल्या आपल्या कोणत्या मुलाला वर्गात 'तुमच्या लोकांनी आमचे शहर लुटले' हे निदान थट्टेत ऐकावे लागले नाही? उद्या एखाद्या गुजराती लेखकाने १६६४ च्या सुरतेवर तपासाची कादंबरी लिहिली आणि त्यात केवळ पाद्र्याचे पत्र पुढे करून बर्निएला साक्षीस बोलावलेच नाही, तर आपण काय म्हणू? साक्षीदार गाळला, असेच म्हणू. मग मराठीत लिहिणाऱ्याने पाद्र्याचे पत्र गाळल्यावर तोच शब्द वापरण्याची तयारी हवी. परक्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला ही एक दृष्टी फुकट मिळते. तो एकाच निवाड्यात कधी फिर्यादी असतो, कधी आरोपी.

तेव्हा इतिहासातील गुन्ह्यावर रहस्यकथा लिहूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. रहस्यकथेची शिस्त इतिहासाला उपकारकच आहे. कागद कोणाच्या हातचा, कधीचा, सांगणारा तेथे होता काय, सांगण्यात त्याचा लाभ कोणता, हे प्रश्न राजवाड्यांनी १८९८ पासून साधने छापताना बखरींना विचारले, आणि तेच प्रश्न रहस्यकथेतील गुप्त पोलीसही विचारतो. खाटेवर पडलेला तो इंग्रज पोलीस मोरच्या वयाचा हिशेब मांडतो, ते पान कोणत्याही इतिहासाच्या वर्गात वाचून दाखवावे असे आहे. आपल्याकडे विषयांचीही वाण नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, त्याच्या ओळखीसाठी पुण्यात पंच बसले, साक्षी झाल्या आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. तपासाची कादंबरी मात्र ज्या तोडीची व्हावी तशी अजून व्हावयाची आहे. तेथे निदान पंचांपुढे दोन्ही बाजू आल्या होत्या.

आमचा आग्रह आहे तो निकालाच्या पानापुरता. चौकशीचे दोन प्रकार असतात. फौजदारी न्यायालयात वाजवी संशयापलीकडे पुरावा लागतो. खात्याच्या चौकशीत संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते तेवढे पाहतात, पण म्हणूनच तेथे फाशी देत नाहीत. इतिहासकार दुसऱ्या प्रकारचा चौकशी अधिकारी आहे. तो 'असे झाले असण्याचा संभव अधिक' म्हणून थांबतो. कादंबरीकार पुरावा दुसऱ्या प्रकारचा घेतो आणि शिक्षा पहिल्या प्रकारची देतो. त्याला थांबता येईल काय? खुनी न सांगता वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नेणे हे अवघड आहे, परंतु अशक्य नसावे. आनंदीबाईच्या कादंबरीत शेवटी सापडावयाची वस्तू खुनी नसून एक कथा असू शकते. 'ध'चा 'मा' ही कथा पहिल्यांदा कोणी कोणास सांगितली, तिने कोणाचे ओझे हलके झाले आणि ती सर्वांना इतकी का आवडली. हे रहस्यही रहस्यच आहे. त्याचा उलगडा झाला तर दीडशे रुपये वसूल झाले असे आमचे ते गिरणीवाले सद्गृहस्थ मानतील की नाही, हे सांगवत नाही. त्यांनी त्या दिवशी मान हलविली ती होकाराची होती की नकाराची, यावर मंडळात अद्याप दुमत आहे.

पुढच्या बैठकीस 'मराठी रियासत'चा संबंधित भाग आणि ग्रँट डफचे ते प्रकरण मराठीत करून आणण्याचे ठरले आहे. 'भाऊबंदकी'तील रामशास्त्र्यांचा प्रवेश दोघा तरुणांनी वाचून दाखवावा अशी सूचना होती. त्यावर त्या वृद्ध बाईंनी विचारले की आनंदीबाईचे भाषण कोण वाचणार. कोणी पुढे आले नाही, तेव्हा ते त्यांनी स्वतःकडे घेतले.